‘चांदोबा’तील वेताळ : चित्र, कथाचौकट आणि गोदाकाठचा विस्मृत कर्ता

प्रस्तावना

नांदेड, लातूर या परिसरातील आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांच्या गप्पांत बालपणीच्या वाचनाचा विषय निघाला, की ‘चांदोबा’ मासिकाचे नाव हमखास येते आणि त्यापाठोपाठ येते ते एक चित्र : हातात तलवार घेऊन स्मशानातून चालणारा राजा आणि त्याच्या खांद्यावरचे शव. कोणी सांगते की ते पान उलटताना बोट चित्रावर पडू नये म्हणून काळजी घ्यावी लागे. कोणी सांगते की अंक हाती येताच प्रथम तेच पान उघडले जाई. अनेकदा ही दोन्ही विधाने एकच व्यक्ती करते. या आठवणींत थोडी अतिशयोक्ती असेल, परंतु एका बालमासिकातील एका चित्राने तीन पिढ्यांच्या मनात एवढे घर करावे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनी गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

अशा गप्पांत आणखी एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. हे सारे निर्माण करणारा विक्षिप्त मनुष्य कोण असावा? कोणी चित्रकाराचे नाव घेते, कोणी उज्जैनच्या विक्रमादित्याच्या दंतकथेकडे बोट दाखवते, तर कोणी ही गोष्ट मद्रासचीच मानून मोकळे होते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. हा माग काढत गेल्यास वाचक अखेरीस मराठवाड्यातच येऊन पोहोचतो, आणि या भागातील वाचकांनाच त्याची जाणीव सर्वांत कमी आहे.

मद्रासहून आलेला वेताळ

‘चंदामामा’ हे मासिक जुलै १९४७ मध्ये मद्रास येथून तेलुगू व तमिळ या दोन भाषांत सुरू झाले. बी. नागी रेड्डी आणि आलूरि वेंकट सुब्बाराव ऊर्फ चक्रपाणी हे त्याचे संस्थापक. दोघेही दक्षिणेतील चित्रपटसृष्टीतील मातब्बर निर्माते होते. मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ या नावाने १९५२ मध्ये निघू लागली. त्या वर्षी नांदेड हा जिल्हा आणि उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर हे दोन्ही हैदराबाद राज्यात होते. निजामी राजवट संपून चारच वर्षे झाली होती आणि मराठीतून शालेय शिक्षणाची घडी नुकती बसत होती. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ मध्ये.

या मासिकाचे एक वैशिष्ट्य येथे नोंदविणे आवश्यक आहे. सर्व भाषांतील आवृत्त्यांत चित्रे तीच असत, केवळ मजकुराची भाषा बदले. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट या तालुक्यांत तेलुगू घरात आणि मराठी शाळेत अशी स्थिती अनेक कुटुंबांची होती. उदगीर, निलंगा भागात कन्नडचा शेजार होता. अशा प्रदेशात एकाच चित्राभोवती दोन-तीन भाषांतील मुले एकत्र बसू शकत होती. पुण्या-मुंबईच्या बालवाङ्मयाला ही सोय नव्हती. मराठवाड्यातील ‘चांदोबा’च्या जिव्हाळ्याचे एक कारण येथे शोधता येईल.

वेताळाचे ते प्रसिद्ध चित्र काढले के. सी. शिवशंकरन ऊर्फ ‘शंकर’ यांनी. त्यांचा जन्म १९२४ चा. देवीप्रसाद रायचौधुरी प्राचार्य असताना मद्रासच्या शासकीय कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १९५० च्या दशकात ते ‘चंदामामा’त दाखल झाले. मासिक बंद पडेपर्यंत ते तेथे काम करीत राहिले. २०२० मध्ये वयाच्या शहाण्णवव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. भुताखेतांची चित्रे काढणारा माणूस स्वतः काहीतरी गूढ असणार, ही वाचकांची कल्पना येथे पार फसते. वडपळनीच्या कार्यालयात नेमाने येऊन, महिन्याच्या महिन्याला ठरलेली चित्रे पुरी करणारा हा शिस्तीचा कारागीर होता. मासिकाच्या मजकुराची धुरा ज्यांनी १९५२ पासून १९८० पर्यंत वाहिली, ते कोडवटिगंटि कुटुंबराव तर तेलुगूतील पुरोगामी, विवेकवादी विचारांचे कथाकार. वेताळ दर महिन्याला ज्यांच्या हाताखालून गेला, त्यांचा वेताळावर विश्वास असण्याचे काही कारण नव्हते. कदाचित म्हणूनच त्या कथांत भय असूनही अंधश्रद्धेचा प्रचार आढळत नाही.

(याच काळात मराठी मुलांच्या हाती दुसराही एक वेताळ होता. १९६४ पासून निघू लागलेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये अमेरिकन लेखक ली फॉक यांच्या मुखवटाधारी नायकाला हेच नाव मिळाले होते. त्या वेताळाचा आणि या वेताळाचा नावापलीकडे संबंध नाही. पण आठवणींत दोघांची गल्लत होते.)

चौकट : भय आणि न्याय

वेताळकथेची चौकट सर्वपरिचित आहे. राजा झाडावरचे शव उतरवून खांद्यावर घेतो आणि मुकाट्याने चालू लागतो. शवात शिरलेला वेताळ वाटेचा शीण जावा म्हणून गोष्ट सांगतो, गोष्टीच्या शेवटी पेच टाकतो आणि बजावतो की उत्तर ठाऊक असूनही न बोललास तर तुझ्या डोक्याची शकले होतील. राजा उत्तर देतो, मौन मोडते आणि वेताळ शवासह पुन्हा झाडावर जातो.

या चौकटीत भीतीचे काम नेमके काय आहे? मुलांच्या मनातील भय शवाचे, स्मशानाचे, रात्रीचे असते. परंतु राजा या कशालाच भ्यालेला नाही. त्याच्यापुढील संकट वेगळेच आहे. बोलावे तर हाती घेतलेले काम फसते, न बोलावे तर जाणूनबुजून सत्य दडवल्याचे प्रायश्चित्त भोगावे लागते. अज्ञानाला येथे शिक्षा नाही. ठाऊक नसेल तर गप्प राहण्याची मुभा आहे; शिक्षा आहे ती ज्ञात्याच्या मौनाला. बालवाचकाला हे शब्दांत सांगता येत नसले, तरी दर महिन्याला तो या पेचातून जात असे. पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःचे उत्तर ठरवायचे आणि मग राजाचे उत्तर वाचायचे, ही सवय अनेक वाचक आजही सांगतात. न्यायनिवाड्याचा हा धडा भीतीच्या वेष्टनात गुंडाळून आला, म्हणून तो टिकला.

पेच किती अवघड असत, याचे एक उदाहरण पुरे. मंदारवती नावाच्या मुलीला तिघे तरुण मागणी घालतात. तिचा अकाली मृत्यू होतो. एक तिच्या चितेच्या राखेवर झोपडी बांधून राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेत नेतो, तिसरा देशोदेशी भटकून मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते. मग ती कोणाची पत्नी? राजाचा निर्णय असा की जिवंत करणारा पित्याच्या जागी, अस्थी नेणारा पुत्राच्या जागी, आणि राखेवर तिच्याजवळ राहिलेला तोच पती. पराक्रम करणाऱ्याला येथे बक्षीस मिळत नाही, हे ऐकून मुलांचा हिरमोड होत असे. मोठेपणी मात्र तोच निवाडा पटतो. धडे व शिरे यांची अदलाबदल झालेल्या दोन पुरुषांची कथाही याच मालिकेतील. तिच्यावरून टॉमस मान यांनी १९४० मध्ये लघुकादंबरी लिहिली आणि गिरीश कर्नाड यांच्या ‘हयवदन’ (१९७१) या नाटकाचा पायाही तीच कथा आहे. जर्मन प्राच्यविद्यापंडित हाइनरिख झिमर यांनी या चौकटीचा अर्थ राजाने स्वतःच्याच विस्मृत अंतरंगाशी केलेला संवाद असा लावला. झिमर यांचे हे विवेचन आकर्षक आहे, तथापि त्यात राजाचा आत्मशोधच सर्वस्व होतो आणि न्यायाचा सार्वजनिक प्रश्न मागे पडतो, हेही म्हटले पाहिजे.

संस्कृत परंपरेत या कथा पंचवीसच्या घरात आहेत. मासिकाला मात्र दर महिन्याला नवी कथा हवी. मूळ साठा संपल्यावर संपादकांनी अन्य लोककथांना आणि नव्याने रचलेल्या कथांना तीच चौकट दिली. यामुळे कथेच्या रचनेत एक मूलभूत बदल घडला. मूळ ग्रंथात ही पंचवीस पायऱ्यांची शिडी आहे आणि शेवटच्या पायरीवर उलगडा आहे. ‘चांदोबा’त ती न संपणारी प्रदक्षिणा झाली. ज्या भिक्षूसाठी राजा शव आणायला निघाला तो भिक्षू वाचकांच्या स्मृतीतून पुसला गेला. राजा हे ओझे का वाहतो, असा प्रश्न आज जुन्या वाचकांना केला तर उत्तर क्वचितच मिळते. ओझे तेवढे आठवते.

१९८५ मध्ये रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका दूरदर्शनवर आली. अरुण गोविल विक्रमाच्या आणि सज्जन वेताळाच्या भूमिकेत होते. तिच्यामुळे राजा उज्जैनचा विक्रमादित्य ही समजूत घट्ट झाली. ती समजूत हिंदी ‘बैताल पचीसी’च्या परंपरेतून आली होती; फोर्ट विल्यम कॉलेजात १९०० पूर्वीच, म्हणजे १८०५ मध्ये, ती छापली गेली होती. मराठीतही छापील गद्याच्या अगदी आरंभकाळात, १८३० मध्ये, सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळ पंचविशी’ प्रसिद्ध झाली. म्हणजे मद्रासचा वेताळ येण्यापूर्वी सव्वाशे वर्षे तो मराठीत होता.

राजा कुठला?

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात, राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्याच्या बाराव्या लंबकात वेताळाच्या कथा येतात. तेथे राजाचे नाव विक्रमादित्य नाही, त्रिविक्रमसेन आहे. त्याची राजधानी उज्जैन नाही. ती गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान, अर्थात आजचे पैठण होय.

हा उल्लेख संस्कृतच्या अभ्यासकांना नवा नाही. परंतु नांदेडच्या घाटावर उभे राहून पाहिले तर त्याचा अर्थ बदलतो. पैठणवरून वाहत येणारे पाणीच नांदेडला येते. लातूरची मांजरा पुढे याच गोदावरीला मिळते, आणि लातूरपासून जवळच असलेले तेर हे सातवाहनकाळातील नामांकित व्यापारी नगर होते. ज्या मुलांनी ‘चांदोबा’तील स्मशान कुठेतरी दूर, अज्ञात देशात कल्पिले, त्यांच्याच नदीच्या वरच्या अंगाला ते स्मशान सोमदेवाने मांडलेले आहे. कथा येथून काश्मीरला गेली, तेथून पोथ्यांच्या वाटेने देशभर पसरली आणि रंगीत चित्रांसह मद्रासवरून पुन्हा गोदाकाठी आली. दरम्यान तिच्यावरचा मूळ पत्ता पुसला गेला होता.

उग्र रूपाच्या रक्षक देवतांचे या भूमीला वावडे नाही, हेही ध्यानात घ्यावे. कंधारजवळ मानसपुरी येथे क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत. कोकणात आणि गोव्यात तर वेताळ हा प्रत्यक्ष ग्रामदेव आहे; पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. गावाच्या सीमेवर उभा राहून रक्षण करणारा आणि म्हणून भीतिदायक असा हा देव आहे. कथेतील वेताळही अखेरीस राजाचा रक्षकच ठरतो, हा योगायोग नसावा.

विक्षिप्त कर्ता

सोमदेव स्वतःला मूळ कर्ता म्हणवत नाही. आपण गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चे सार सांगत आहोत, असे तो म्हणतो. गुणाढ्याची कथा तो ग्रंथारंभीच देतो, आणि वाचकांच्या गप्पांतील त्या विक्षिप्त निर्मात्याचा शोध येथे पुरा होतो.

गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा मंत्री. एकदा जलक्रीडेत राणीने राजाला पाणी उडवू नको असे संस्कृतात सांगितले. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी ‘मोदकैः’ असा होतो, हे न उमजून राजाने मोदक मागवले. राणी हसली. अपमानित राजाने व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. गुणाढ्याने सहा वर्षांची मुदत सांगितली. शर्ववर्मा नावाच्या दुसऱ्या पंडिताने सहा महिन्यांत शिकवण्याची पैज लावली. हे घडल्यास आपण संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडू, असे गुणाढ्याने जाहीर केले. शर्ववर्मा जिंकला. गुणाढ्याने शब्द पाळला आणि बोलण्यासाठी भाषाच न उरल्यामुळे तो मुका झाला. (सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्यांचीच सरशी होते, हा अनुभव अध्यापकवर्गाला अपरिचित नसावा.)

पुढे विंध्याच्या अरण्यात काणभूती नावाच्या पिशाचाकडून तो पैशाची ही चौथी भाषा शिकला. त्या भाषेत त्याने सात वर्षांत सात लक्ष श्लोक लिहिले, आणि अरण्यात शाई नव्हती म्हणून ते स्वतःच्या रक्ताने लिहिले. राजाकडे ग्रंथ पाठवला तेव्हा पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरे पाहून राजाने तो झिडकारला. मग गुणाढ्याने अग्निकुंड पेटवले. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचे आणि जाळायचे, असा क्रम सुरू झाला. प्राणी चरणे सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस शुष्क होऊ लागले. कारण शोधता शोधता राजा अरण्यात पोहोचला तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. एक लक्ष तेवढे उरले.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. ‘बृहत्कथा’ मात्र होती, याविषयी फारसे दुमत नाही. दंडी आणि बाण यांनी तिचा उल्लेख केला आहे. मूळ ग्रंथ लुप्त आहे. पैशाची ही नेमकी कुठली भाषा, यावर ग्रिअर्सन वायव्येकडे बोट दाखवतात तर स्टेन कोनो विंध्य परिसराकडे. अधिक महत्त्वाची अडचण पुढेच आहे. वेताळकथा सोमदेवाच्या व क्षेमेंद्राच्या काश्मिरी संस्करणांत आहेत. बुधस्वामीच्या ‘बृहत्कथाश्लोकसंग्रहा’त त्या नाहीत. त्यामुळे त्या मुळात गुणाढ्याच्या होत्या की स्वतंत्रपणे प्रचलित असलेला हा कथागुच्छ काश्मीरमध्ये त्यात गोवला गेला, हा प्रश्न खुला राहतो आणि अनेक अभ्यासकांचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. तेव्हा वेताळ हा मराठवाड्याचा असे ठणकावून सांगण्याचा मोह आवरलेलाच बरा. इतके मात्र निश्चित म्हणता येते की काश्मीरच्या कवीला ही कथा घडण्याचे योग्य स्थळ म्हणून प्रतिष्ठान सुचले, आणि कथा सांगणाऱ्या आद्य पुरुषालाही त्याने तिथेच ठेवले.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की एक साम्य नजरेत भरते. त्रिविक्रमसेन मौन राखू पाहतो आणि ज्ञान असल्यामुळे त्याला बोलावे लागते. गुणाढ्याजवळ ज्ञान आहे, पण पैजेपायी त्याची वाचाच गेली आहे. बोलायचे तर पिशाचाच्या भाषेतच बोलावे लागते. एकाच्या खांद्यावर पिशाच बोलते, दुसऱ्याच्या मुखातून. दरबारी प्रतिष्ठेने नाकारलेली भाषा आणि तिच्यातून आलेले शहाणपण, हा दोहोंचा समान गाभा आहे. बालमासिकातील भुताची गोष्ट म्हणून अभ्यासक्रमाच्या उंबरठ्याबाहेर राहिलेल्या वेताळाची स्थिती आजही फारशी निराळी नाही.

अपूर्ण राहिलेला शेवट

‘चंदामामा’ १९९८ मध्ये काही काळ बंद पडले, पुन्हा सुरू झाले, २००७ मध्ये मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास छापील अंक कायमचे थांबले. मासिक थांबले तेव्हा वेताळ झाडावरच होता. ज्यांनी ही गोष्ट केवळ ‘चांदोबा’त वाचली त्यांच्यासाठी ती आजही संपलेली नाही.

सोमदेवाच्या ग्रंथात ती संपते. अखेरच्या पेचात एक पिता व पुत्र दोन स्त्रियांच्या पाऊलखुणांमागे जातात. मोठ्या पावलांची ती पित्याची आणि लहान पावलांची ती पुत्राची, असे आधीच ठरते. प्रत्यक्षात लहान पावलांची स्त्री आई निघते आणि मोठ्या पावलांची तिची मुलगी. शब्द पाळला जातो. आता या दोन जोडप्यांना होणाऱ्या मुलांचे परस्परांशी नाते काय? पित्याच्या मुलाला स्वतःची आजीच वहिनी लागते. पुत्राच्या मुलाला बहीणच आजी. आत्या, मावशी, काकू, मामी असे प्रत्येक नात्याला वेगळे नाव देणारी मराठीसुद्धा येथे हात टेकते. राजाला उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो आणि चालत राहतो.

वेताळ प्रसन्न होतो. क्षांतिशील नावाचा तो भिक्षू राजालाच बळी देणार आहे, हे तो सांगतो आणि सुटकेची युक्तीही शिकवतो. स्मशानात पोहोचल्यावर भिक्षू साष्टांग दंडवत घालण्यास सांगतो. आपण राजा आहोत, कोणापुढे वाकण्याची सवय नाही, आधी तूच करून दाखव, असे त्रिविक्रमसेन म्हणतो. भिक्षू जमिनीवर आडवा होतो आणि राजा त्याचे मस्तक उडवतो.